लहानूजी सुखदेवे बोलतात तेव्हा

भिलाईजवळच्या चरोद्यात, रेल्वे कॉलनीत, पत्ता विचारायचा असेल, तर लहानूजी सुखदेवेंना जरा सवड काढूनच विचारावा. ते चुकीचं सांगतील अशी भीती नाही. त्यांच्याइतका नेमका पत्ता अख्ख्या कॉलनीत कोणी सांगणार नाही. पण त्याआधी तुमचा प्रश्न तुम्हाला जसाच्या तसा परत ऐकावा लागतो.

"काका, बुद्धविहार कुठे आहे?"

"बुद्धविहार कुठे आहे," लहानूजी म्हणतात आणि थांबतात. तुम्ही गाडीचा आरसा नीट करता, मागे कोणी आहे का बघता. मग उत्तर येतं. "पुढं जा. पाण्याची टाकी लागन. टाकीच्या डाव्या हाताले." एवढ्यावर तुम्ही निघालात तर ते गाडीच्या हँडलवर हात ठेवतात. "टाकी, डावीकडे," असं तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो हात काही निघत नाही.

यात त्यांचा काही दोष नाही. छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली एकतीस भिलाईच्या मार्शलिंग यार्डात, कॅबिनवर रुळांचे सांधे बदलायचे लिव्हर ओढण्यात. कोळशाची गाडी, चुनखडीची गाडी, लोखंड भरलेली गाडी, कोणती कुठल्या लाइनीवर घ्यायची ते स्टेशन मास्तर फोनवर सांगणार आणि हे लिव्हर ओढणार. तिथे नुसतं ऐकून भागत नसे. ऐकलेलं शब्दाला शब्द परत म्हणायचं, मास्तरनं त्यावर 'बरोबर' म्हणायचं, आणि मग आपल्या कागदावरचा एक प्रायव्हेट नंबर त्याला द्यायचा. दोन आकडी नंबर. एकदा दिला की खोडायचा. नंबर दिला म्हणजे जबाबदारी घेतली. आणि जरा जरी शंका आली तरी एकच वाक्य बोलायचं: परत सांगा.

आता उरलेल्या जगात माणसं न कळलेल्या गोष्टीलाच मान हलवतात आणि त्यांचे संसार बरे चाललेले दिसतात. लहानूजींना ते कधी जमलं नाही. त्यांच्या हातून एकतीस वर्षांत एकही डबा रुळावरून उतरला नव्हता. खरं म्हणजे ही शिस्त संध्याकाळी कॅबिनच्या जिन्यावर ठेवून घरी यायचं. ते ती जेवणाच्या डब्याबरोबर घरी आणत.

त्यांच्या बायकोनं, रुक्माबाईंनी, पहिली दोन वर्षं कपाळाला हात लावला. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःची तोड काढली, ती पुढे सांगेनच. पण मुलगी आम्रपाली हिला मात्र ते फार लागलं. शाळेत असताना ती धावत यायची. "बाबा, मी वक्तृत्वात पहिली आली." बाबा म्हणायचे, "वक्तृत्वात पहिली आली." आणि मान हलवायचे. पोर पुढच्या वाक्याची वाट पाहत दारात उभी राहायची. पुढचं वाक्य नसायचंच. कॅबिनचा फोन नेहमी मास्तरकडूनच वाजायचा. आपण होऊन कुणाला काही सांगायचं हे लिव्हर ओढणाऱ्याचं कामच नव्हे, अशी त्यांची समजूत होऊन बसली होती.

पुढे आम्रपालीला एक स्थळ सांगून आलं, तो किस्सा तर चरोद्यात अजून सांगतात. मुलाचे मामा मोठे बोलघेवडे. ऐटीत म्हणाले, "आमचा पोरगा स्वभावानं एकदम शांत आहे."

"तुमचा पोरगा स्वभावानं एकदम शांत आहे," लहानूजी म्हणाले आणि थांबले.

मामा चुळबुळले. "म्हणजे, तसा बोलतो तो कधीकधी."

"तसा बोलतो कधीकधी."

"आता तरुण रक्त आहे. आवाज चढतो थोडा."

"आवाज चढतो थोडा."

मामांनी घाम पुसला. "एकदा टीव्ही फोडला होता त्यानं. पण ते जुनं झालं."

लहानूजींनी एकही प्रश्न विचारला नव्हता. पोहे अर्धे टाकून पाहुणे निघून गेले. आम्रपाली आठ दिवस बापाशी बोलली नाही. वर्षभरानं त्या मुलाविषयी आणखी काही कानावर आलं तेव्हा ती पुटपुटल्यासारखं म्हणाली, "बरं झालं." पण बाबांशी बोलणं होत नाही ही तिची जुनी तक्रार होती तशीच राहिली.

ही आम्रपाली आता चौतिशीची. भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतल्या एका शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात नाटकं करते. तीही साधीसुधी नाहीत. तिला वेड आहे ते असंगत नाटकाचं, ज्यात दोन माणसं तासभर बोलतात आणि बोलणं होतं तिथेच असतं. मागच्या वर्षी मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात तिनं असंच एक नाटक केलं. पंधराव्या मिनिटाला पहिली खुर्ची सरकली. मग खुर्च्या सरकतच राहिल्या. शेवटी हॉलमध्ये उरले अकरा जण, त्यातले दोघे झोपलेले होते आणि एक मंडपवाला होता.

मंडळाचे सचिव पंजाबराव. भिलाईच्या स्टील प्लांटमधून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, मनानं वाईट नाहीत, पण त्यांना भरलेल्या खुर्च्या बघायची फार हौस. यंदा त्यांनी आम्रपालीला बोलावून सरळ सांगितलं.

"मॅडम, यंदाचा रविवार तुम्हाला देतो. पण लोक मध्येच उठून गेले, तर पुढच्या वर्षीपासून नाटक बंद. तंबोला ठेवू. तंबोल्याला कोणी उठत नाही."

आम्रपालीनं ते कबूल केलं. दुसरं करणार काय? भिलाईत मराठी नाटक करायला दुसरी जागा कोण देणार होतं तिला. मंडळाचा तो एक हॉल आणि वर्षाचा तो एक रविवार, एवढंच तिचं रंगभूमीचं राज्य. तेही तंबोल्याला गेलं असतं तर तिनं वह्या बांधून माळ्यावर टाकल्या असत्या. आईला ती तसं बोललीही होती.

नवीन नाटक तिनं घरच्या बोलीत लिहिलं होतं. एका कुलूप लावलेल्या घराच्या ओसरीत दोन माणसं बसलेली. पहिल्याला वाटतं, हे घर दुसऱ्याचं. दुसऱ्याला वाटतं, पहिल्याचं. दोघंही भिडस्त. त्यामुळे दोघंही पाहुण्यासारखे बसून राहतात आणि समोरचा कधी दार उघडतो याची वाट बघतात. पहिला काही तरी बोलतो, दुसरा तेच परत म्हणतो. विषय निघतो, फिरतो आणि पुन्हा पहिल्या वाक्याशी येऊन बसतो. नाटकाचं नावही 'ओसरी'च.

पहिल्याच्या भूमिकेत प्रफुल होता, प्लांटमध्ये क्रेन चालवणारा, उमदा आणि घाबरट. दुसऱ्याच्या भूमिकेत कौस्तुभ. तालीम सुखदेवेंच्याच पुढच्या खोलीत चाले. कौस्तुभ दिसायला छान, पण त्याला एक वाक्य साधं म्हणता येत नसे. "घर छान हाय" एवढं म्हणायचं, तर हा भुवया उडवायचा, हात पसरायचा.

"अरे, अर्थ टाकू नको त्यात," आम्रपाली जीव तोडून सांगायची. "साध्या गप्पांमध्ये एक जण विचारतो, दुसरा उत्तर देतो, गोष्ट पुढे जाते. इथे ती पुढे जात नाही. मग लोक कशावर बसून राहतील? तालावर. वाक्य, तेच वाक्य, मग थांबणं. उत्तर यायचं, पण भलत्या जागी यायचं. हे गाण्यासारखं बसलं पाहिजे. तू मधेच ॲक्टिंग करतो अन् सगळं सांडतं."

आणि प्रयोगाला वीस दिवस असताना कौस्तुभला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. तो पेढे देऊन, पाया पडून गेला. त्याच्यावर रागवायचीही सोय राहिली नाही.

त्या संध्याकाळी आम्रपाली आणि प्रफुल पुढच्या खोलीत डोक्याला हात लावून बसले होते. आत स्वयंपाकघरात रुक्माबाई आणि लहानूजी. आता रुक्माबाईंची ती तोड सांगतो. नवऱ्याचं उत्तर उशिरा येतं, हे एकदा पक्कं कळल्यावर त्या त्याच्यासाठी थांबेनाशा झाल्या. एक प्रश्न टाकायचा, तो तिकडे परत म्हणून होईपर्यंत दुसरा टाकायचा. चाळीस वर्षं त्यांचं असंच चालत आलेलं.

"भाजीत मीठ बरोबर हाय का?" आतून रुक्माबाई म्हणाल्या.

"भाजीत मीठ बरोबर हाय का."

"आम्रपालीचा डबा कुठं ठेवला तुमी?"

"बरोबर हाय."

"प्रफुल जेवून जाईन का?"

"फ्रिजवर."

"बेबीताईचा फोन आलता, उद्या विहारात बोलावलं."

"विचारतो त्याले."

"पाच वाजता. मी लाल लुगडं नेसतो."

"किती वाजता?"

"नाई, निळंच बरं."

"पाच वाजता जाऊ मंग."

प्रफुलनं तोंडावर रुमाल धरला. आम्रपाली मात्र हसत नव्हती. तिनं वही ओढली आणि जे ऐकलं ते भराभरा उतरवून काढलं. उत्तर एक प्रश्न मागून येत होतं. दोघांचा काडीचाही गोंधळ होत नव्हता. कोणी आवाज चढवत नव्हतं, कोणी अर्थ टाकत नव्हतं, आणि भाजी, डबा, पाहुणा, विहार, सगळं जिथल्या तिथे लागत होतं. ज्या तालासाठी ती तीन वर्षं पुस्तकं चाळत होती, तो तिच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी भाजी चिरत बसला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग हसू आलं.

ती उठून आत गेली. "बाबा, तुमी माह्या नाटकात काम करान का?"

"मी तुह्या नाटकात काम करन का," लहानूजी म्हणाले आणि थांबले.

रुक्माबाईंनी पोळी उलटवली. "करन, करन. कावून नाई करन? कपडे कोणते घालाचे ते सांग."

"करतो," लहानूजी म्हणाले.

"घरचेच घाला, बाबा," आम्रपाली म्हणाली.

असं ते ठरलं. पाठांतराची तर काळजीच नव्हती. लहानूजींनी नाटकाची वही हातात घेतली आणि आपल्या वाक्यांबरोबर प्रफुलचीही सगळी पाठ केली. समोरचा काय सांगणार हे माहीत नसताना आपण नुसतं आपलं कसं पाठ करायचं, हे त्यांना समजेना. अडचण आली ती वेगळीच. दर प्रवेशाच्या शेवटी, प्रफुलचं वाक्य परत म्हणून झालं, की त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "प्रायव्हेट नंबर बत्तीस."

"बाबा, नंबर नाई द्यायचा."

"नंबर नाई द्यायचा," लहानूजी म्हणायचे, आणि पुढच्या प्रवेशाला, "प्रायव्हेट नंबर एक्क्याऐंशी."

नंबर सुटायला दहा दिवस लागले. प्रफुललाच ती सवय लागली. प्लांटच्या कँटीनमध्ये दोन चहा सांगून त्यानं पोऱ्याला नंबर दिला, असं तोच सांगायचा. आणि रुक्माबाई तालमीला कोपऱ्यात लसूण सोलत बसायच्या. मधेच म्हणायच्या, "आता नाई. आता थोडं थांबतात हे." आणि त्यांचंच बरोबर निघायचं.

पण या असल्या नाटकात एक खड्डा असतो, तो आम्रपालीला माहीत होता. एकच वाक्य पाच ठिकाणी येतं आणि दर ठिकाणी त्याच्या पुढचं वाक्य वेगळं असतं. "उन्हं उतरले" हे प्रफुलचं वाक्य तिसऱ्या पानावर होतं, तसंच ते शेवटच्या पानावरही होतं. तिसऱ्या पानावर त्यापुढे म्हणायचं, "घर मोठं छान हाय." शेवटच्या पानावर म्हणायचं, "चला, निघतो मी." तिथे पाय घसरला की चाळीस मिनिटांचं नाटक आठ मिनिटांत संपणार. प्रफुलला हे तिनं इतक्या वेळा बजावलं, की त्याला झोपेतही तेच आठवू लागलं. एखाद्याला सारखं खड्डा दाखवला, की तो त्यातच पडतो, हे त्या वेळी तिच्या लक्षात आलं नाही.

रविवार आला. पाच वाजता प्रयोग. हॉल भरला होता, कारण पंजाबरावांनी नाटकानंतर अल्पोपाहार जाहीर केला होता. पहिल्या रांगेत मंडळाची कार्यकारिणी, स्वेटर घालून. पाचवी आणि सहावी रांग मात्र सबंध चरोद्याची. यार्डातून निवृत्त झालेले वीस-बावीस जण लहानूजी काय करतात ते बघायला लोकलनं एकत्र आले होते. त्यांच्यात रुक्माबाई, निळं लुगडं नेसून. आम्रपाली विंगेत उभी होती आणि तिची नजर रंगमंचावर नव्हतीच. ती खुर्च्यांकडे बघत होती.

पडदा उघडला. ओसरी, कुलूप, दोन माणसं. प्रफुल बोलला, लहानूजींनी परत म्हटलं, थांबले. दुसऱ्या पानावर कोणी तरी खुदकन हसलं. आम्रपालीला जरा बरं वाटलं. तेवढ्यात तिसरं पान आलं.

"उन्हं उतरले," प्रफुल म्हणाला.

"उन्हं उतरले," लहानूजी म्हणाले.

प्रफुल उठून उभा राहिला. "चला, निघतो मी."

विंगेत आम्रपालीनं पडद्याची दोरी घट्ट धरली. आठवं मिनिट चालू होतं.

आता लहानूजींनी ठरल्याप्रमाणे ते वाक्य परत म्हटलं असतं, तर दिवे विझले असते आणि लोक अल्पोपाहाराला उठले असते. कौस्तुभ असता तर त्यानं काही तरी जोडून वेळ मारून नेली असती. लहानूजींनी दोन्हींतलं काही केलं नाही. चुकीचा निरोप आला आहे, हे त्यांना कळलं होतं. चुकीचा निरोप परत म्हणायचा नसतो. त्यावर लिव्हर ओढायचं नसतं. त्यांनी प्रफुलकडे शांतपणे पाहिलं.

"परत सांगा," ते म्हणाले.

प्रफुलचा चेहरा पांढरा पडला. "चला, निघतो मी."

"परत सांगा."

"चला..." प्रफुल उभाच राहिला. "निघतो मी."

"परत सांगा."

हॉल हसायला लागला. लोकांना वाटत होतं ते असं, की एका माणसाला जायचं आहे आणि दुसरा त्याला साधं निघूही देत नाही. आणि असा कोणी ना कोणी प्रत्येकाला भेटलेला असतो. पहिल्या रांगेत पंजाबराव मांडीवर थाप मारून हसले. पण पाचवी रांग हसत नव्हती. ती मंडळी पुढे सरकून बसली होती. त्यांना बरोबर कळलं होतं, की निरोप अडकला आहे आणि गाडी सिग्नलला उभी आहे.

प्रफुलची जीभ आता पूर्ण गेली. तो नुसता उभा. एक, दोन, तीन, चार. विंगेतून आम्रपाली ओठांनी वाक्य सांगत होती, पण तिच्याकडे बघायचं भान कोणाला होतं. हसणं ओसरत चाललं. मागे एक खुर्ची करकरली.

तेव्हा लहानूजींनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि चाळीस वर्षांच्या संसारात जे केलं नव्हतं ते केलं. त्यांनी फोन वाजायची वाट पाहिली नाही. ते ओसरीवरून उठले, प्रफुलच्या जागी जाऊन उभे राहिले, घराकडे बघितलं, आणि आपण होऊन निरोप दिला.

"घर मोठं छान हाय," ते म्हणाले.

हे प्रफुलचं वाक्य होतं. ते कानावर पडलं आणि प्रफुलच्या डोळ्यांत जीव आला. बुडणाऱ्यानं दोर धरावा तसं त्यानं ते धरलं आणि जसंच्या तसं परत म्हटलं.

"घर मोठं छान हाय." आणि सुटकेच्या भरात, सवयीनं, पुढे म्हणाला, "प्रायव्हेट नंबर बत्तीस."

"बरोबर," पाचव्या रांगेतून एक म्हातारा शांतपणे म्हणाला.

मग जो हशा उठला तो थांबेना. छपराला टांगलेल्या झिरमिळ्या हलल्या असं कोणी नंतर सांगितलं, ते सोडून द्या, पण पंजाबरावांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले हे खरं. लहानूजी हशा ओसरेपर्यंत थांबले. थांबण्यात तर त्यांचा हात कोण धरणार? मग त्यांनी चौथ्या पानाचं पहिलं वाक्य म्हटलं, तेही प्रफुलचं. प्रफुलनं ते परत म्हटलं. पाचवं पान, सहावं पान. भूमिका बदलल्या होत्या आणि बाहेरच्या कुणाला पत्ता नव्हता, कारण ओसरीवरचे ते दोघे एकसारखेच होते. घर दोघांचंही नव्हतं. कोण आधी बोलतो आणि कोण मागून, एवढाच काय तो त्यांच्यात फरक. आम्रपालीनंच ते तसं लिहिलं होतं, पण असं उलटंसुलटं करता येईल हे लिहिताना तिलाही सुचलं नव्हतं. दोरी सोडून ती विंगेतच खाली बसली आणि स्वतःचं नाटक परक्या माणसासारखं बघू लागली. बाबा बोलत होते. एकामागून एक वाक्य ते काढत होते, आणि दुसरा माणूस त्यांच्या वाक्याची वाट बघत होता. तिला बापाचा इतका अभिमान वाटला, की ती तिथेच ओढणीत तोंड घालून रडली आणि रडता रडता हसली.

शेवटचं पान आलं. "उन्हं उतरले. चला, निघतो मी," लहानूजी म्हणाले. "चला, निघतो मी," प्रफुल म्हणाला. दोघंही जागचे हलले नाहीत. दिवे विझले. टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या. दिवे लागले.

आणि कोणी उठेना.

नाटकात ते दोघं निघतो निघतो म्हणत राहिले होते आणि शेवटपर्यंत निघाले नव्हते. लोकांना वाटलं, आणखी एक फेरी असेल. पाच मिनिटं झाली. शेवटी पंजाबराव रंगमंचावर चढले. माईक हातात घेतला.

"नाटक संपलेलं आहे," ते म्हणाले.

हॉल हसला. पंजाबरावांना कळेना.

"खरंच संपलं आहे. आपण उठू शकता."

"परत सांगा," सहाव्या रांगेतून कोणी तरी म्हणालं.

पंजाबरावांनी परत सांगितलं. मग अल्पोपाहाराचंही सांगितलं, त्यात आलूबोंडा आहे हेही सांगितलं. ज्या माणसानं लोक उठतात म्हणून नाटक बंद करायचं ठरवलं होतं, त्यानं पुढची दहा मिनिटं लोकांना उठा म्हणून विनवण्यात घालवली. उतरताना विंगेत आम्रपाली दिसली तेव्हा ते तिच्यापाशी थांबले.

"पुढचा रविवारही तुमचाच, मॅडम," ते म्हणाले. "म्हणजे पुढच्या वर्षीचा. दोन घ्या पाहिजे तर."

आत कपडे बदलायच्या खोलीत लहानूजी एका लोखंडी पेटीवर बसले होते. घरचेच कपडे असल्यामुळे बदलायचं काही नव्हतं. प्रफुल त्यांच्या पायाशी बसून पाणी पीत होता आणि दर घोटाला, "काका, माफ करा," म्हणत होता. रुक्माबाई आलूबोंडे घेऊन आल्या. त्यांनी एक नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या नव्या माणसाकडे पाहावं तसं.

"तुमी एवढं बोलता होय," त्या म्हणाल्या. "माहीत असतं तं मी चाळीस वर्षं एवढी घाई नसती केली."

आम्रपाली दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, ओढणीचा बोळा झालेला. तिला काय काय सांगायचं होतं. लोक बसून राहिले ते, पंजाबराव काय म्हणाले ते, तिसऱ्या पानावर तिचा जीव कसा गेला होता ते. ती आधी ओढणीचा बोळा सोडवू लागली.

लहानूजींनी आलूबोंडा पेटीवर ठेवला. हात धोतराला पुसले.

"आम्रपाली," ते म्हणाले, "दुसरं नाटक लिहून राहिली का?"

हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या आधी कोणी काही विचारलेलं नव्हतं, परत म्हणायला काही नव्हतं. रुक्माबाईंचा घास तोंडाशीच राहिला.

"लिहीन, बाबा," आम्रपाली कशीबशी म्हणाली. "कावून?"

या वेळी लहानूजींनी प्रश्न परत म्हटला नाही.

"त्याच्यात मले पयलं वाक्य दे," ते म्हणाले.